वाचकांचे प्रश्न : प्रवास विम्याच्या अर्जातला मधुमेहाचा रकाना

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक, नाशिकला राहतो. मुलगी-जावई अमेरिकेत, न्यू जर्सीला असतात. मुलीचं बाळंतपण आहे म्हणून मी आणि सौ. पाच महिन्यांसाठी तिकडे जात आहोत. मला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची एकेक गोळीही आहे. प्रवास विम्यासाठी एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "सर, शुगरचं लिहू नका. लिहिलंत की हप्ता वाढतो, कधी अर्जच परत येतो. तिथे कोण तपासायला बसलंय?" पेन्शनवर आमचं भागतं, म्हणून विमा स्वस्तात हवा हे खरं, पण हे लिहू नका म्हणणं मनाला पटत नाही. मुलगी म्हणते, इकडचाच विमा काढून देते. काय करावं?

उत्तर : सर, तुमच्या मनाला जे पटत नाही ते करण्याजोगं नाहीच. एजंटच्या त्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तपासायला बसलेला माणूस म्हणजे तुमच्यावर उपचार करणारा डॉक्टर. उद्या तिथल्या आपत्कालीन विभागात जावं लागलं, तर पहिला प्रश्न येईल : कोणते आजार आहेत, कोणत्या गोळ्या चालू आहेत? तिथे तुम्ही खरंच सांगाल, सांगायलाच हवं, कारण उपचार त्यावर ठरतात. डॉक्टर केसपेपरवर लिहितील, मधुमेह, चौदा वर्षं. तोच कागद बिलासोबत विमा कंपनीकडे जातो. अर्जात एक आणि केसपेपरवर दुसरं असं दिसलं की दावा फेटाळायला कंपनीला आणखी काही शोधावं लागत नाही. एजंटचं कमिशन तेव्हा केव्हाच जमा झालेलं असतं आणि अर्जावर सही तुमची असते.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. विम्याचा करार पूर्ण विश्वासाचा मानला जातो. कंपनीच्या निर्णयावर परिणाम करील अशी प्रत्येक गोष्ट अर्जदाराने सांगायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली मेडिक्लेमच्या एका प्रकरणात विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण विमाधारकाने जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार अर्जात सांगितला नव्हता.

दुसरा निकाल ६ डिसेंबर २०२१ चा आहे, आणि तो जणू तुमच्यासाठीच दिलेला वाटावा. एक गृहस्थ २००९ मध्ये नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी परदेश प्रवासाचा विमा घेतला, अर्जात मधुमेह असल्याचं लिहिलं आणि कंपनीच्या सांगण्यावरून वैद्यकीय तपासणीही करून घेतली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर पोहोचताच त्यांना अशक्तपणा वाटू लागला, घाम फुटला. हृदयविकाराचा झटका होता. अँजिओप्लास्टी होऊन तीन स्टेंट बसले. कंपनीने दावा नाकारला : मधुमेह आधीपासून होता, शिवाय कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्याचं सांगितलं नव्हतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही कंपनीचं म्हणणं उचलून धरलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो निर्णय रद्द केला. मधुमेह उघड सांगितलेला असताना, प्रकृतीचा अंदाज घेऊन कंपनीने पॉलिसी दिली; मग त्याच सांगितलेल्या आजाराकडे बोट दाखवून दावा नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्या गृहस्थांना न्याय मिळाला तो अर्जात लिहिलेल्या त्या एका शब्दामुळे. पण त्याला बारा वर्षं लागली. एका गोळीचा उल्लेख राहिला आणि कंपनीला भांडायला जागा मिळाली, हेही विसरू नका. तुम्हीसुद्धा कोलेस्टेरॉलची गोळी घेता. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, मात्रेसकट, अर्जात लिहा. सौ. काही घेत असतील तर त्यांच्याही. भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या आणि मुलीला पाठवून ठेवा.

आता पैशांचं. पॉलिसीवर ठळक अक्षरांत विम्याची रक्कम असते : ५० हजार डॉलर, १ लाख डॉलर. मधुमेह असलेल्याने त्या आकड्यावर जाऊ नये. आधी 'पूर्वीपासूनचे आजार' हे कलम उघडावं. काही पॉलिसींत अशा आजारांना संरक्षणच नसतं. काहींत ते फक्त जीव धोक्यात असेल तेव्हा, प्रकृती स्थिर होईपर्यंतच असतं, आणि तेही एका छोट्या मर्यादेपर्यंत. म्हणजे १ लाख डॉलरच्या पॉलिसीत तुमच्या आजारासाठी त्यातला लहानसा तुकडाच असू शकतो. दोन कंपन्यांची तुलना करायची ती या तुकड्यांची. ज्येष्ठ नागरिकांच्या योजनांत आणखी एक मेख असते : खोलीचं भाडं, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया यांवर दिवसागणिक किंवा आजारागणिक मर्यादा. अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या दरांपुढे त्या मर्यादा फार तोकड्या पडतात. अशी उपमर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी ती घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

मग काटकसर कुठे करायची? सामान हरवणं, विमान चुकणं, सहल रद्द होणं अशी कलमं भरपूर असलेल्या मोठ्या योजनेऐवजी साधी योजना घ्या. सुरुवातीचा काही खर्च स्वतः सोसायची तयारी दाखवली, म्हणजे वजावटीची रक्कम जास्त ठेवली, तर हप्ता उतरतो. पाचशे डॉलर मुलगी भरू शकेल, पन्नास हजार कुणालाही जड जातील. नेमक्या दिवसांचाच विमा घ्या, पण परतीची तारीख लांबण्याची शक्यता असेल तर मुदत संपण्याआधी वाढवता येते का ते आत्ताच विचारा. आणि सौ.ची पॉलिसी वेगळी काढल्यास किती पडते ते पाहा. मधुमेहाच्या अटींचा भार त्यांच्या हप्त्यावर यायचं कारण नाही.

कंपनीला एक प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर लेखीच घ्या : हृदयविकार, मूत्रपिंडाचा त्रास, पायाची जखम यांपैकी काही उद्भवलं तर तुम्ही ते मधुमेहाचीच गुंतागुंत धरणार का? २०२१ च्या निकालातला वादही याच प्रश्नाशी जोडलेला होता. फोनवर गोड बोलून दिलेलं आश्वासन दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

मुलगी म्हणते तो पर्यायही खरोखर विचारात घेण्यासारखा आहे. अमेरिकेत पाहुण्यांसाठी मिळणाऱ्या विम्याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम मिळते. तो स्वस्त दिसतो, पण बिलाचा मोठा भाग तुमच्याच अंगावर राहतो. दुसऱ्यात वजावटीनंतरचा बहुतेक खर्च मर्यादेपर्यंत मिळतो. मधुमेहींनी दुसराच पाहावा. त्यांपैकी अनेक योजनांत जुन्या आजाराने 'अचानक उचल खाल्ली' तर खर्च देण्याचं कलम असतं, पण त्याची व्याख्या कडक असते : त्रास पूर्वसूचनेशिवाय अचानक झालेला हवा, उपचार बहुधा २४ तासांच्या आत घेतलेले हवेत, हळूहळू बळावत गेलेला त्रास त्यात बसत नाही. बऱ्याच योजनांत हा लाभ सत्तरीनंतर थांबतो किंवा आटतो. तुम्ही ६७ चे आहात, तेव्हा या खेपेला बसाल. तक्रार करायची वेळ आली तर मात्र ती तिथल्या व्यवस्थेत करावी लागेल. भारतीय पॉलिसी असेल तर तुम्हाला पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर वाट पाहायची, मग लोकपाल. वकील लागत नाही, शुल्क नाही. नकार आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. ग्राहक आयोगाचा मार्गही नाशिकमधूनच खुला आहे.

नेहमीच्या गोळ्या, साखरेची ठरलेली तपासणी, चष्मा, दात यांचा खर्च प्रवास विम्यात सहसा मिळत नाही. पाच महिन्यांच्या गोळ्यांची सोय निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून ठरवा. इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन, त्यावर औषधांची मूळ नावं, आणि गोळ्या त्यांच्याच वेष्टनात. तिथे किरकोळ ताप, खोकला, लघवीचा संसर्ग झाला तर थेट मोठ्या रुग्णालयात धावू नका. 'अर्जंट केअर' म्हणतात ती दवाखान्यासारखी केंद्रं कितीतरी स्वस्त पडतात. पण छातीत दुखलं, शुद्ध हरपू लागली तर पैशाचा विचार मुळीच करायचा नाही. बहुतेक सर्व रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांवर १९८६ च्या कायद्याने बंधन आहे की, रुग्णाकडे विमा असो वा नसो, त्याला तपासून स्थिर करायलाच हवं. बिल नंतर येतंच. म्हणून पॉलिसीवरचा मदतकेंद्राचा फोन नंबर मुलगी-जावयांच्या मोबाईलमध्ये पहिल्याच दिवशी टाकून ठेवा आणि भरती होताच फोन करायला सांगा.

प्रश्न : माझं वय ५४, रोज इन्सुलिन घेते. कोल्हापूरहून मैत्रिणींबरोबर अकरा दिवसांच्या युरोप सहलीला जात आहे. सहल कंपनी म्हणते, विमा पॅकेजमध्येच आहे आणि व्हिसाही झाला आहे. मग मी वेगळं काही करायला हवं का?

उत्तर : हो, ताई, एक काम आजच करा. सहल कंपनीकडून तुमच्या नावाची पॉलिसी मागवा आणि त्यातला पूर्वीपासूनच्या आजारांचा रकाना पाहा. सामूहिक सहलीत अर्ज अनेकदा कंपनीचा माणूसच एकगठ्ठा भरतो. त्याने तुम्हाला आजार विचारलाच नसेल, तर तिथे 'नाही' असं छापलेलं असू शकतं. तसं असेल तर लेखी कळवून दुरुस्ती करून घ्या.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. त्यात तातडीचे उपचार आणि परत पाठवण्याचा खर्च धरलेला असतो. व्हिसा मिळाला याचा अर्थ एवढाच की ही अट पुरी झाली. तुमच्या मधुमेहाला संरक्षण आहे की नाही, हे दूतावास पाहत नाही. संरक्षण नसेल तर सहल कंपनीला ती पॉलिसी तुमच्यापुरती वगळून तेवढे पैसे कमी करायला सांगा आणि स्वतः दुसरी घ्या. अमेरिका-कॅनडा वगळून मिळणाऱ्या योजना बऱ्याच स्वस्त असतात, आणि अकरा दिवसांसाठी हा फरक तुम्हाला सहज झेपेल.

इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, बॅगही हरवू शकते, आणि सामानाच्या भरपाईतून परक्या गावात रात्री इन्सुलिन मिळत नाही. सुया असल्याने डॉक्टरांचं पत्र सोबत हवं. निम्मा साठा विश्वासू मैत्रिणीच्या पिशवीत द्या.

प्रश्न : मुलाने आम्हा दोघांसाठी कॅनडाच्या सुपर व्हिसाचा अर्ज केला आहे. मला मधुमेह आहे; मागच्याच महिन्यात डॉक्टरांनी गोळी वाढवली. विम्यावर याचा परिणाम होईल का? (सोलापूर)

उत्तर : होईल, आणि हे वेळेत विचारलंत ते फार बरं झालं. या व्हिसासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. तिथल्या पॉलिसींत जुन्या आजाराला संरक्षण मिळतं ते बहुधा आजार 'स्थिर' असेल तरच. स्थिर म्हणजे विमा लागू होण्यापूर्वीचे ठरावीक दिवस, कुठे ९०, कुठे १८०, औषध किंवा मात्रा बदललेली नसणं. अनेक पॉलिसींत मात्रा कमी केलेलीही बदल म्हणूनच धरतात. साखर सुधारली म्हणून गोळी घटवली तरी आजार अस्थिर ठरू शकतो. म्हणून मुलाला कमी दिवसांची अट असलेली पॉलिसी शोधायला सांगा आणि शक्य असेल तर निघण्याची तारीख त्या हिशेबाने पुढे घ्या. फक्त विम्यासाठी डॉक्टरांनी वाढवलेली गोळी टाळू मात्र नका. पॉलिसी घेतल्यानंतर आणि निघण्यापूर्वी औषध पुन्हा बदललं, तर त्याच दिवशी कंपनीला ईमेलने कळवा.