म्हैसूरची येझदी

म्हैसूरमधील विजयनगर ही वसाहत यादवगिरीपासून फार दूर नाही. ह्याच यादवगिरीत एकेकाळी 'आयडियल जावा' हा मोटारसायकलींचा कारखाना होता.

'जावा' हे नाव जावा बेटावरून आलेले नाही. फ्रांटिशेक यानेचेक ह्या चेक उद्योजकाने १९२९ साली 'वाँडरर' ह्या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले. ह्या दोन नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हा शब्द तयार झाला. रुस्तम व फारोख इराणी यांनी ती गाडी भारतात बनवण्याचे ठरवले आणि १९६१ साली म्हैसूरमध्ये उत्पादन सुरू झाले. १९७३ पासून गाडीला 'येझदी' म्हणू लागले. हे नाव इराणमधील यझ्द शहरावरून घेतलेले आहे. म्हणजे कुळ चेक, नाव इराणी आणि घडण म्हैसूरची!

१९६४ साली अमेरिकेत 'फोर्ड मस्टँग' ह्या मोटारीने तरुणांना वेड लावले. आपल्याकडे मोटार घेणे फारच थोड्यांना परवडत असे. ती हौस येथे अशा दुचाकींनी भागवली. जावाचे इंजिन २५० सीसीचे होते. सिलिंडर एकच, पण धूर सोडणाऱ्या नळ्या मात्र दोन. गिअर बदलण्याचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होई. नवख्या माणसाला गाडी सुरू कशी करावी, हेच कळत नसे! १९७८ साली अधिक शक्तिशाली 'रोडकिंग' आली.

ह्या गाडीचे बळ जेथे होते, तेथेच तिचे दुबळेपणही होते. तिचे इंजिन 'टू-स्ट्रोक' होते. त्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली गेला की एक स्फोट होतो. त्यामुळे रचना सोपी राहते व जोरही चांगला मिळतो. परंतु जळालेला वायू बाहेर पडताना थोडे न जळलेले पेट्रोलही त्याच्याबरोबर निसटते. शिवाय पेट्रोलात मिसळलेले तेल जळून धूर होतो. १९८५ साली हिरो होंडाची 'फोर-स्ट्रोक' गाडी आली. कमी पेट्रोलात लांब जाणाऱ्या त्या गाडीकडे महिन्याच्या पगारात घर चालवणारा माणूस वळला, यात नवल नाही. पुढे प्रदूषणाचे नियमही कडक झाले. १९९६ साली कारखाना बंद पडला आणि कामगारांचा रोजगार गेला. रसिक हळहळतात ते गाडीसाठी. कामगारांची आठवण क्वचितच निघते.

२०१८ साली 'क्लासिक लेजंड्स' ह्या कंपनीने जावा पुन्हा आणली व २०२२ साली येझदीही आली. ह्या नव्या गाड्यांची इंजिने फोर-स्ट्रोक आहेत आणि त्या मध्य प्रदेशातील पिथमपूरला बनतात. नव्या जावाला सिलिंडर एकच असूनही नळ्या मात्र दोनच ठेवल्या आहेत.