होडी जुनी करताना

कोल्हापुरात स्टेशनजवळच्या शाहूपुरीत वाढलेल्या पोराला रेल्वेचं वेड लागलं तर त्यात नवल नाही. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला आली ती मीटरगेज गाडी. १९७१मध्ये रूळ रुंद झाले तेव्हा मी शाळेत होतो. पुढं पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं आणि निवृत्तीनंतर ती जुनी गाडी घरातल्या टेबलावर परत आणायचं ठरवलं. माप १:८७, रुळांची रुंदी १२ मिलिमीटर आणि मधोमध रुकडीजवळचा पंचगंगेवरचा पूल. गाडी सहा महिन्यांत धावू लागली. पुलाखालच्या होड्यांनी मात्र तीन वर्षं खाल्ली. त्यांनी जे शिकवलं, ते असं :

१. होडीचं पोट कुणी बघत नाही. पहिल्या होडीचा तळ मी बाल्सा लाकडातून महिनाभर कोरला. छान गोलाई आणली, पॉलिश पेपरनं गुळगुळीत केला. मग लक्षात आलं, की माझी नदी म्हणजे प्लायवूडवर ओतलेलं चार मिलिमीटर रेझिन. होडी बुडायला खाली जागाच नाही! शेवटी पाणरेषेवर करवत धरली आणि महिन्याची मेहनत कचऱ्यात गेली. सौ. एवढंच म्हणाली, "आधी नदी किती खोल आहे ते बघायचं होतं." छंदापुरतंच बोलली असावी, असं मी धरून चाललो आहे.

२. माप वहीत सोपं असतं, हातात अवघड. वीस फुटी होडी म्हणजे सात सेंटिमीटर, इथवर ठीक. पण आइस्क्रीमच्या दोन मिलिमीटर जाड काडीची फळी त्या मापात जवळजवळ सात इंच जाड होते. अशा होडीत माणसं नव्हे, तोफा बसवायच्या. इंचभर जाडीच्या फळीसाठी ०.३ मिलिमीटरचं काहीतरी हवं होतं. ते कपाटातच सापडलं : निवृत्तीनंतर उरलेली माझी व्हिजिटिंग कार्डं. दुसऱ्या होडीच्या आतल्या बाजूला अजून माझा हुद्दा वाचता येतो. त्या हुद्द्याचा इतका उपयोग नोकरीतही झाला नव्हता.

३. मळवणं म्हणजे घाण करणं नव्हे. नवी होडी खेळण्यासारखी दिसते, म्हणून ती वापरातली वाटावी असा रंग द्यायचा असतो. मी काळा-तपकिरी रंग पातळ करून सगळीकडं सारखा फासला. होडी जुनी दिसेना, जयंती नाल्यातून काढल्यासारखी दिसायला लागली. कुंभार गल्लीत गणपती रंगवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराला दाखवली. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "काका, हात कुठं लागतो ते आधी बघा. जिथं लागत न्हाई, तिथं ब्रश कशाला लावता?"

४. जुनेपणालाही गाव असतं. मी तिसऱ्या होडीवर गंजाचे लाल ओघळ काढले, कडेला मिठाचे पांढरे डाग दिले आणि खुशीत ती नदीकाठच्या एका नावाडी मामांना दाखवली. त्यांनी ती तळहातावर फिरवली. "सर, ही समुद्रातली दिसत्या. आमच्या पाण्यात मीठ कुठलं?" परदेशी बंदरांचे फोटो बघून मी पंचगंगा रंगवत होतो! मग त्यांच्याच नावेजवळ दोन सकाळी बसलो. वल्हं घासतं तिथलं लाकूड काळं नव्हे, उजळ आणि गुळगुळीत होतं. चढता-उतरताना पाय पडतो, तेवढ्याच काठाचा रंग उडालेला असतो. उन्हातला भाग राखाडी, तळाशी वाळलेला गाळ. इतकी वर्षं घाटावर जातोय, पण नाव म्हणून नाव कधी बघितलीच नव्हती.

५. ज्यावर कमी कष्ट घेतले, त्याचंच कौतुक जास्त होतं. आपल्याकडं गुऱ्हाळाची काहिल पाण्यात सोडून नदी ओलांडणारी माणसं आहेत. पाण्याच्या बाटलीचं झाकण २८ मिलिमीटरचं, म्हणजे माझ्या मापात बरोबर आठ फुटी काहिल. कड कापली, काजळी चोळली, दहा मिनिटांत काम झालं. येणारा प्रत्येक जण तीन वर्षांच्या होड्यांवरून नजर फिरवतो आणि काहिलीपाशी थांबून म्हणतो, "हे भारी केलंय!"

६. हात आवरणं सगळ्यात शेवटी जमतं. खडूची पूड लावून मॅट वॉर्निश मारलं, की निम्मी पूड दिसेनाशी होते. मग माणूस पुन्हा लावतो, पुन्हा मारतो आणि होडीचा चिखल होतो. हल्ली मी एक हात दिला, की दिवा मालवून झोपायला जातो. सकाळी बहुधा काहीच करावं लागत नाही.

७. खरं पाणी आपल्याला विचारून येत नाही. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. ऑगस्ट २०१९मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली आणि पाणी आमच्या तळमजल्यावर आलं. इंजिन आणि डबे तेवढे वर नेता आले. टेबलावर चार बोटं पाणी चढलं. माझ्या मापात वीस फुटांचा पूर. तिन्ही होड्या रेझिनमध्ये पक्क्या चिकटवलेल्या, त्या जागच्या जागी बुडाल्या. होडी तरंगायला हवी, हे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. काहिल तेवढी चिकटवायची राहून गेली होती. पाणी ओसरल्यावर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सापडली, सरळ बसलेली, आत चिमूटभर गाळ.

टेबल धुतलं, रूळ बदलले, होड्या आहेत तशाच ठेवल्या. त्यांच्या अंगावर बसलेला गाळ मला कुठल्याही ब्रशानं जमला नसता. पुलाच्या खांबांवर मी रंगवलेली पाणरेषा अजून आहे. तिच्या चार बोटं वर दुसरी एक आहे, ती माझी नाही.