मुलाखतीचे कपडे आणि मीरा-भाईंदरचा प्रवास

प्रवेशाच्या मुलाखतीला काय घालावे, हा प्रश्न मोजक्याच अभ्यासक्रमांपुरता येतो. महाराष्ट्रात अकरावी आणि बी.ए., बी.कॉम.चे प्रवेश बहुतांशी गुणांवर होतात, अभियांत्रिकीचे सीईटीनंतरच्या कॅप फेऱ्यांतून. मुलाखत असते ती प्रामुख्याने व्यवस्थापन आणि डिझाइनकडे वळणाऱ्यांना: अंधेरीची एस. पी. जैन, पार्ल्याची एनएमआयएमएस, २०२३ मध्ये नीटीचे रूपांतर होऊन झालेले पवईचे आयआयएम मुंबई, किंवा एनआयडीचे पदव्युत्तर अभ्यासक्रम. या मुलाखती बऱ्याचदा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, म्हणजे उकाडा सुरू झाल्यावर होतात.

मीरा-भाईंदरच्या उमेदवाराने कपडे निवडताना आरशाआधी लोकलचा विचार करावा. सकाळी विरारहून येणारी फास्ट भाईंदरला थांबते तेव्हाच ती खच्चून भरलेली असते. रात्री कडक इस्त्री केलेला शुद्ध सुती शर्ट अंधेरीला उतरेपर्यंत चोळामोळा होतो, आणि फिकट निळ्या रंगावर काखेतला घाम लगेच उमटतो. म्हणून सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाचा पांढरा शर्ट उत्तम. भाईंदरहून सुटणारी स्लो लोकल किंवा एसी लोकल धरावी. शक्य असल्यास शर्ट हँगरसकट कव्हरमध्ये न्यावा, टी-शर्टवर प्रवास करावा आणि संस्थेत तासभर आधी पोहोचून बदलावा.

प्रस्तुत लेखकाला चुकीच्या पोशाखाचा चटका बसला तो बुटांमुळे. मुलाखतीसाठी घेतलेले काळे चामडी बूट त्या दिवशी पहिल्यांदाच पायात गेले. दादरचा पूल ओलांडून गाडी बदलेपर्यंत उजवी टाच सोलवटून मोज्याला रक्त लागले होते. मुलाखतीत भाईंदरच्या मिठागरांविषयी विचारले गेले. ती घराजवळची, लहानपणापासून पाहिलेली. पण सारे लक्ष टाचेकडे असल्याने उत्तर दोन वाक्यांतच आटोपले. कपड्यांना वेगळे गुण नसतात, पण टोचणारे, आवळणारे, घसरणारे कपडे उमेदवाराचे लक्ष खातात आणि तिथे गुण जातात. नवे बूट किमान आठवडाभर घरात व बाजारात वापरून मऊ करावेत. बॅगेत जखमेवर लावायची चिकटपट्टी असावी.

मुलांसाठी फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, बुटांच्याच रंगाचा पट्टा आणि गडद मोजे एवढे पुरते. व्यवस्थापनाच्या मुलाखतीत ब्लेझर चालतो, पण तो खांद्यात बसणारा हवा. भावाचा किंवा मित्राचा सैल कोट घालण्यापेक्षा नुसता शर्ट बरा. ब्लेझर हातावर न्यावा आणि वाट पाहण्याच्या खोलीत चढवावा. मुलींनी सलवार-कुर्ता, शर्ट-पँट किंवा साडी यांपैकी सवयीचे असेल तेच निवडावे. साडी शोभते, पण एरवी कधी न नेसलेली साडी त्या दिवशी नेसून स्टेशनचा जिना चढू नये. सतत सावरावी लागणारी ओढणी पिन लावून बसवावी. उग्र अत्तर टाळावे, कारण मुलाखतीची खोली लहान असते.

डिझाइनच्या मुलाखतीत सूट आवश्यक नसतो. हातमागाचा कुर्ता किंवा स्वच्छ साधा शर्ट चालतो. तेथे पोर्टफोलिओ पाहिला जातो. कोणत्याही संस्थेने मुलाखतपत्रात पोशाखाची अट दिली असेल, तर ती अंतिम.

ऑनलाइन मुलाखतीला बारीक चौकड्या व रेघा नकोत, कॅमेऱ्यात त्या हलल्यासारख्या दिसतात. भिंत पांढरी असेल तर शर्ट रंगीत घ्यावा आणि खालीही पूर्ण पोशाख करावा, कारण मध्येच उठावे लागू शकते.

पालकांना एक विनंती. मुलाखतीसाठी हप्त्यावर सूट घेऊ नका. घरातला चांगला शर्ट आणि पँट नाक्यावरच्या शिंप्याकडून मापात करून घ्या, इस्त्रीवाल्याकडे दोन दिवस आधी द्या, आणि मुलाला किंवा मुलीला ते कपडे घालून एकदा गर्दीच्या वेळी अंधेरीपर्यंत जाऊन यायला सांगा.