जुनी चिप आणि श्रुती

खिदिरपूरच्या गोदीलगत असलेल्या फॅन्सी मार्केटची ख्याती परदेशी मालाबद्दल आहे. अशा एखाद्या बाजारात एमएसएक्स जातीचा जुना घरगुती संगणक हाती लागला, तर त्यातील ध्वनीची चिप काढून तीन स्वर एकाच वेळी देणारे वाद्य घडविता येते. ही चिप बहुधा एवाय-३-८९१० किंवा तिचे भावंड असते.

तिचे काम भागाकाराचे होय. सेकंदाला मिळणाऱ्या स्पंदांना प्रथम १६ ने व नंतर आपण दिलेल्या पूर्णांकाने भागले की स्वराची कंपनसंख्या येते. २० लाख स्पंद व २८४ हा अंक घेतल्यास सुमारे ४४० कंपने मिळतात. परंतु अपूर्णांक चालत नाही, आणि अडचण येथेच आहे. मंद्रात ९५६ ऐवजी ९५५ दिल्यास कानाला फरक कळत नाही; अतितारात ६० ऐवजी ५९ दिल्यास मात्र स्वर ६०:५९ एवढी उडी घेतो. आपली प्रमाणश्रुती तर केवळ ८१:८०! आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत हार्मोनियम वर्ज्य केला, त्यामागेही असाच आक्षेप होता.

मींड हवी असल्यास कमोडोर ६४ मधील सिड चिप बरी. तिची पायरी सर्वत्र सुमारे ०.०६ कंपनांची असते. मात्र तिच्या बनावट प्रती पुष्कळ. म्हणून ती चालू संगणकात वाजवून पाहूनच घ्यावी.