फी भरण्याआधी पोस्टिंग विचारा

रक्त काढणं पुस्तकातून येत नाही. मी हिंगणघाटकडची, बारावी सायन्सनंतर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केला. संस्थेच्या माहितीपत्रकात ‘हॉस्पिटल पोस्टिंग’ ठळक छापलं होतं. प्रत्यक्षात आम्ही रबरी हातावर सुया टोचत राहिलो आणि पोस्टिंगच्या नावाखाली एका छोट्या लॅबमध्ये रजिस्टरं भरली. सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगीचं विनोबा भावे, अशी दोन मोठी शिकवणारी रुग्णालयं असलेल्या जिल्ह्यात ही गत!

म्हणून आधी विचारा: करार कोणत्या रुग्णालयाशी आहे? कागद दाखवता का? अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, आणि त्यावर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलकडे नोंदणी होते का? मागच्या बॅचच्या मुलांना गाठा. ऑफिसात कळत नाही ते त्यांच्याकडून कळतं.

माझा हात बसला तो नोकरीत, एका सिनियर ताईंमुळे. शीर डोळ्यांनी नाही, बोटानं शोधायची, हे त्यांनी शिकवलं. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच. लहानपणापासून टोचून घेतलेल्या त्या हातांत शीर सहज लागत नाही. दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा हट्ट न करता दुसऱ्याला बोलवा. सलाईन चालू असलेल्या हातातून किंवा डायलिसिसच्या फिस्टुलाच्या हातातून रक्त घेऊ नका. टूर्निकेट मिनिटभराच्या वर आवळून ठेवू नका.

बल्बचा, म्हणजे रक्त भरायच्या नळ्यांचा, क्रम तर मला फार उशिरा कळला, आणि तो कुणी नीट सांगत नाही याचं वाईट वाटतं. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये ईडीटीए असतं, त्यात पोटॅशियम. त्याचा अंश पुढच्या बल्बमध्ये गेला की पोटॅशियम खोटंच वाढतं, कॅल्शियम खोटंच घटतं, आणि डॉक्टर नसलेल्या आजाराच्या मागे लागतात. म्हणून आधी निळं झाकण, मग लाल, हिरवं, त्यानंतर जांभळं आणि शेवटी शुगरचं करडं. निळा बल्ब खुणेपर्यंत भरलाच पाहिजे. त्यात औषध आणि रक्ताचं प्रमाण एकास नऊ असतं, ते बिघडलं की रक्त गोठण्याची तपासणी चुकते.

नावाचंही तसंच. ‘तुम्हीच सुनीता ना?’ असं ओपीडीच्या गर्दीत विचारलं की घाबरलेली कुणीही बाई ‘हो’ म्हणते. ‘नाव काय तुमचं?’ असं विचारा, आणि लेबल रुग्णासमोरच लावा.

शेवटचं, स्वतःसाठी. पोस्टिंगच्या आधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. वापरलेल्या सुईला टोपण परत घालू नका, ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाका. तरीही टोचलीच, तर जागा साबण-पाण्यानं धुवा आणि रागावतील म्हणून लपवू नका. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.