अभ्यास आपल्या हाती ठेवूया



आजचा पाठ जरा वेगळा, पण घरोघरी उपयोगी. मुलं, सुना, नातवंडं आणि आता आपणही मोबाईलवर काही ना काही शिकत असतो. आपण धरून चालतो की तो कोर्स तिथे कायम राहणार. तसं नसतं.

अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने वर्गातली व्याख्यानं सगळ्यांसाठी मोफत ठेवली होती. कर्णबधिर आणि दृष्टिहीनांना त्यातलं बरंच काही वापरता येत नाही, हे तिथल्या न्याय खात्याने २०१६ मध्ये दाखवून दिलं. म्हणणं रास्तच होतं. पण विद्यापीठाने १ मार्च २०१७ ला जाहीर केलं की १५ मार्चपासून २०,००० हून अधिक ध्वनि-चित्रफिती लोकांसाठी बंद होतील. हाती दोनच आठवडे! काहींनी धावपळ करून प्रती उतरवून घेतल्या, म्हणून त्या टिकल्या. कोर्सेरानेही ३० जून २०१६ ला जुनी व्यवस्था बंद केली, तेव्हा तिथले कितीतरी कोर्स दिसेनासे झाले.

मग आपण काय करायचं?

१. यूट्यूब ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेला व्हिडिओ खरा आपला नसतो. तो ॲपमध्येच राहतो. मूळ व्हिडिओ काढला की तोही जातो.

२. कोर्स सुरू करतानाच बघावं, तो कधीपर्यंत उघडा आहे. शेवटच्या तारखेवर विसंबू नये.

३. आधी टिपणं, पीडीएफ आणि प्रश्नसंच उतरवावेत. जागा थोडी लागते, उपयोग जास्त. व्हिडिओ नंतर.

४. जिथे परवानगी आहे तिथूनच घ्यावं. आयआयटींच्या एनपीटीईएलवर आणि एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर उतरवून घ्यायची सोय आहे. पैसे भरून घेतलेला कोर्स गटात पुढे पाठवू नये, तो दुसऱ्याच्या कष्टाचा आहे.

५. फाईलला विषय, धडा क्रमांक आणि तारीख घालावी. एक प्रत मोबाईलमध्ये, दुसरी पेनड्राईव्हवर. मग इंटरनेट बंद करून एकदा उघडून बघावी. उघडली तरच ती साठवली असं समजावं.

पूर्वी ग्रंथ हाताने उतरवून ठेवत. उतरवताना चुका शिरत, म्हणून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रत काढणं जितकं गरजेचं, तितकंच ती तपासणंही.

आणि एक. साठवलं म्हणजे शिकलो असं होत नाही. फडताळात भरलेलं धान्य शिजवल्याशिवाय पोटात जात नाही. रोज एक धडा ऐकावा, चार ओळी वहीत लिहाव्यात. ती वही मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही.

या रविवारी घरातल्या कोणत्या कोर्सची मुदत संपत आलीय, एवढं सगळ्यांनी मिळून बघूया. आजी-आजोबांना जमत नसेल तर नातवंडांनी शेजारी बसून करून द्यावं.