मर्यादित साधने आणि अनिश्चित फळ

साधने अपुरी आणि गरजा अनेक, म्हणून निवड करावी लागते, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ. परंतु निवडीचे फळच आधी ठाऊक नसेल तर काय करावे? कोरडवाहू शेतकऱ्यापुढे हा प्रश्न दर मृगाला उभा असतो.

हिशेबाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जमीन सहा एकर. ‘अ’ पीक चांगल्या पावसात एकरी १२०० रुपये देते. अवर्षणात २०० रुपये तोटा. ‘ब’ पीक कसल्याही वर्षी ४०० रुपये देते. दोन्ही प्रकारच्या वर्षांचा संभव सारखा धरू. ‘अ’ची एकरी सरासरी ५०० रुपये, म्हणजे सर्व जमीन ‘अ’खाली आणावी, असे सरासरी सांगते. पण पहिलेच वर्ष कोरडे गेले तर १२०० रुपये अंगावर येतात, बैल विकावे लागतात आणि पुढच्या सुकाळात पेरायला बियाणे उरत नाही. सरासरीचे फळ जो टिकून राहतो त्यालाच मिळते.

म्हणून आधी किमान गरज पाहावी. घरखर्चाला वर्षाला १२०० रुपये लागत असतील, तर ‘अ’खाली जास्तीत जास्त दोनच एकर घालता येतात. मग अवर्षणात १२००, सुकाळात ४००० आणि सरासरी २६०० रुपये मिळतात. सर्व ‘अ’ची सरासरी ३००० होती. मधले ४०० रुपये ही सुरक्षिततेची किंमत होय.

दुसरी गोष्ट अशी की, दोन्ही पिके एकदमच बुडणारी असतील तर विभागणी व्यर्थ. ज्वारी लवकर निघते. तूर मागून येते आणि तिची मुळे खोल जातात. राव आणि विली यांनी १९८० साली अनेक प्रयोगांच्या आधारे दाखविले की, उत्पन्न एका ठरावीक संकटपातळीखाली जाण्याचा प्रसंग नुसत्या तुरीत पाच वर्षांतून एकदा, नुसत्या ज्वारीत आठांतून एकदा, तर दोहोंच्या आंतरपिकात छत्तीसांतून एकदाच येतो.

आता वरील शेतकऱ्याला अवर्षणात ६०० रुपयांची मजुरी खात्रीने मिळाली, तर तो ‘अ’खाली तीन एकर घालू शकेल, शेतीची सरासरी २७०० होईल. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याकडे या दृष्टीनेही पाहता येते. सुरक्षिततेची किंमत गरीबाला दरसाल मोजावी लागते आणि त्यामुळे तो गरीबच राहतो. त्याला धाडसाचा उपदेश करण्यापेक्षा त्याच्या पायाखालची जमीन पक्की करणे अधिक शहाणपणाचे आहे.